ट्रेलरचा तळ सडला आहे: अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घरी कापून टाकता येईल का?

रानवाट

नमस्कार मंडळी.

दोन चाकांचा छोटा उघडा ट्रेलर आहे. आतून मोजला तर २४०० × १२०० मिमी. तळाला १८ मिमीचं प्लायवूड होतं. मागच्या डाव्या कोपऱ्यात ते बरेच दिवस मऊ लागत होतं, पण वरून रंग शाबूत असल्यामुळे मी दुर्लक्ष केलं. परवा सामान चढवताना टाच आत गेली. तेवढा तुकडा उचकटून बघितला, तर वरचा थर ठणठणीत आणि खालचे थर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तरी मुठीपर्यंत आत जातो.

आता प्लायवूड पूर्ण काढून ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा चेकर्ड (उठावदार नक्षीचा) पत्रा टाकायचं मनात आहे. पत्रा अजून घेतलेला नाही. हाताशी १८५ मिमीची सर्क्युलर सॉ आहे (सध्या तिला लाकडाचं पातं आहे), जिगसॉ, चार इंची ग्राइंडर आणि ड्रिल. आठ बाय चार फुटी पत्र्याला दोन्ही बाजूंनी चाकांच्या मडगार्डसाठी खाचा काढाव्या लागतील आणि लांबीला साधारण ४० मिमी, रुंदीला २० मिमी कमी करावा लागेल. लाकूडकाम बऱ्यापैकी येतं, धातू मात्र कधी कापलेला नाही. कुठल्या साधनाने कापू? आणि मुळात हा बेत बरोबर आहे का?

छिन्नी

कापायचं नंतर बोलू. पाणी कुठून आलं ते सापडलं का? प्लायवूड एका कोपऱ्यातच सडतं तेव्हा त्या कोपऱ्यात पाणी साचायला काहीतरी कारण असतं. ते शोधल्याशिवाय वर पत्रा टाकलात, तर पुढच्या वेळी प्लायऐवजी खालचा लोखंडी चॅनेल (पन्हाळीच्या आकाराची पट्टी) गेलेला असेल आणि तो दिसणारही नाही. सगळी फळी काढा, सांगाडा तारेच्या ब्रशने घासा, हातोडीने टकटक करून बघा. आवाज बदलला तिथे थांबा.

पत्रेकाम

छिन्नी म्हणतात ते आधी करा. मी कापण्याबद्दल लिहितो, कारण अ‍ॅल्युमिनियम कापायला लोक उगाच घाबरतात आणि जिथे खरंच घाबरायला हवं तिथे बेफिकीर असतात.

तुमच्याकडची सर्क्युलर सॉ हेच सरळ कापासाठी सगळ्यात चांगलं साधन आहे. पातं मात्र बदला. लाकडाच्या पात्याचे दाते पुढे झुकलेले असतात, ते धातूत घुसतात आणि सॉ अंगावर उसळते. अ‍ॅल्युमिनियमसाठी कार्बाइडच्या दात्यांची वेगळी पाती मिळतात. त्यांचे दाते मागे कललेले किंवा सरळ असतात, आणि एक दाता कोपरे छाटलेला, पुढचा सपाट अशी आळीपाळीने रचना असते. १८५ मिमीच्या पात्याला ६० दाते असले की ३-४ मिमी पत्र्याला छान चालतं. पात्यावर लिहिलेले कमाल फेरे तुमच्या सॉच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत ना आणि मधलं भोक जुळतंय ना, हे दोन्ही बघूनच घ्या.

पातं पत्र्याच्या खाली ५-६ मिमी निघेल एवढीच खोली ठेवा. कापायच्या रेषेवर मेण घासा आणि दर कापाआधी पात्याच्या दात्यांनाही थोडं लावा. साधी मेणबत्ती चालते. मेण नसेल तर अ‍ॅल्युमिनियम मऊ होऊन दात्यांना चिकटतं. दात्यावर गोळा बसला की पातं कापायचं सोडून घासायला लागतं, पत्रा तापतो आणि कड फाटल्यासारखी येते. काही जण रॉकेल वापरतात, वर्कशॉपमध्ये ते जुनंच आहे, पण घरी ठिणग्या उडणाऱ्या ब्रशच्या मोटारीजवळ रॉकेल नको.

आता खरी गोष्ट. पत्रा कापणं अवघड नाही, पत्रा धरणं अवघड आहे. आठ बाय चारचा पत्रा दोन लाकडी घोड्यांवर (उंच तिवयांवर) ठेवून मधून कापायला गेलात तर काप पुढे सरकेल तसा पत्रा स्वतःच्या वजनाने मध्ये दुमडतो आणि पात्याला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. उसळी तिथेच मिळते. उपाय अगदी सोपा: जमिनीवर जाड थर्माकोलचे ताव सलग पसरा, त्यावर पत्रा, आणि पत्र्यावर गुडघे टेकून काप घ्या. पातं थर्माकोलमध्ये चर पाडत जातं, पत्रा शेवटच्या मिलिमीटरपर्यंत आडवा राहतो, तुटलेली पट्टीही जागच्या जागी पडून राहते. सॉला टेकायला सरळ कडेची फळी क्लॅम्पने घट्ट बांधा. पातं रेषेच्या टाकाऊ बाजूला चालवा, कारण पात्याची जाडी २ मिमीच्या आसपास असते आणि तेवढा पत्रा भुग्यात जातो.

सॉ पूर्ण वेगात आल्यावरच पत्र्याला लावा, एका लयीत पुढे न्या, मध्ये थांबू नका आणि पातं फिरत असताना मागे ओढू नका. डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला चष्मा, कानाला मफ, पूर्ण बाह्या, बंद बूट. कीस गरम असतो आणि गळ्यातून आत जातो. पत्रा उचलताना हातमोजे घाला, सॉ किंवा ड्रिल चालवताना काढून ठेवा.

मडगार्डच्या खाचांचे सरळ भाग सॉने कोपऱ्याच्या थोडं अलीकडेपर्यंत कापा. कोपऱ्यात आधी १० मिमीचं भोक पाडून ठेवलेलं असू द्या, मग उरलेलं जिगसॉने भोकापर्यंत न्या. तिथे काटकोनी टोकदार कोपरा ठेवायचा नाही. ट्रेलर सतत हादरतो. टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते आणि पुढे सरकत राहते. भोकाची गोलाई तिला सुरूच होऊ देत नाही.

चारइंची

एवढा खटाटोप कशाला? ग्राइंडर आहेच की त्यांच्याकडे. मी दोन-तीन वेळा ग्राइंडरला कटिंग चकती लावून अ‍ॅल्युमिनियमचे अँगल कापलेत. झालं काम.

पत्रेकाम

चारइंची, तुमचं काम झालं याचा आनंद आहे, पण दुसऱ्याला हे सांगू नका. कळकळीने म्हणतो.

लोखंडाची चकती लोखंडावर चालते कारण तिचे कण झिजतात, गळतात आणि खालचे नवे धारदार कण वर येतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ आहे, ६६० अंशांना वितळतं. घर्षणाने ते चकतीच्या छिद्रांत भरून बसतं. मग चकती कापत नाही, नुसती चोळते. माणूस दाब वाढवतो, चकती आणखी तापते, आणि पातळ चकती फुटते ती ११,००० फेऱ्यांच्या वेगात. अँगलचा छोटा काप असतो म्हणून निभावतं. २४०० मिमीच्या रेषेत निभावणार नाही. अ‍ॅल्युमिनियमसाठी खास चकत्या मिळतात, वापरायच्याच तर त्या, आणि त्याही छोट्या कापाला.

दोन गोष्टी तर कधीच नाहीत. ग्राइंडरला दात्यांचं लाकडाचं पातं लावायचं नाही. त्याला ना गार्ड पुरतो, ना त्या पात्याचा वेग तेवढा असतो, बोटं जातात. आणि ज्या ग्राइंडरखाली गंजलेल्या लोखंडाचा भुगा साठलाय तिथे अ‍ॅल्युमिनियमचा बारीक भुगा करायचा नाही. गंज आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी यांचं मिश्रण म्हणजे थर्माइट, रेल्वेचे रूळ याच क्रियेने जोडतात. सॉचा कीस जाड असतो म्हणून त्याचा हा धोका नाही, पण घासून झालेली पिठासारखी भुकटी वेगळी गोळा करा.

चारइंची

थर्माइटचं खरंच माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. रानवाट, पत्रेकाम सांगतायत तसंच करा.

मोजपट्टी

मला दुसऱ्या प्रश्नाची काळजी वाटते, ज्याकडे अजून कुणी गेलं नाही. १८ मिमी प्लायवूडच्या जागी ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम नुसतं बसवायचं नाही. धातू म्हटलं की मजबूत असं आपण धरून चालतो. तुटण्याच्या बाबतीत ते खरं असेल, वाकण्याच्या बाबतीत नाही.

पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. अ‍ॅल्युमिनियमचा लवचिकता गुणांक ७० गिगापास्कल, चांगल्या प्लायचा साधारण ७-८. म्हणजे द्रव्य म्हणून अ‍ॅल्युमिनियम नऊ-दहापट ताठ. पण १८ चा घन ५८३२ आणि ३ चा घन फक्त २७. गुणाकार करून बघा: तेवढ्याच अंतरावर टेकलेलं तुमचं जुनं प्लायवूड या पत्र्यापेक्षा वीसपटीहून जास्त ताठ होतं. दोन आडव्या चॅनेलमध्ये पाय ठेवलात की पत्रा ढप्प करून खाली जाईल आणि जड वस्तूखाली कायमचा खोलगट होईल.

तुमच्या ट्रेलरच्या आडव्या चॅनेलमधलं अंतर किती आहे? ६०० असेल तर मध्ये एकेक अँगल घालून ते ३०० करा. पट्टीचा साधा हिशेब धरला तर अंतर निम्मं झालं की त्याच वजनाखाली वाकणं एक अष्टमांश होतं. त्यासोबत पत्रा ३ ऐवजी ४ मिमी घेतलात तर जुन्या प्लायच्या जवळपास पोहोचता.

लोखंडाशी तुलना करणाऱ्यांसाठी: ३ मिमी लोखंडाइतका ताठपणा हवा तर अ‍ॅल्युमिनियम सव्वाचार मिमी लागतं. तरीही वजन निम्म्याहून कमी भरतं.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पूर्ण प्लाय काढलं.

छिन्नी, कारण सापडलं. मागच्या फाळक्याच्या बिजागरीचा एक बोल्ट तळातून आरपार जातो. त्याच्याभोवतीचं सीलंट सुकून सुटलं होतं, पाणी तिथून थेट प्लायच्या कापलेल्या कडेत जात होतं. शिवाय त्याच्या खालचा चॅनेल वर तोंड करून बसवलेला आहे, त्यात चिखल दाबून भरलेला. तो स्पंजसारखा ओला राहायचा. चॅनेल खरवडला, लोखंड वरवर गंजलंय पण हातोडीला आवाज खणखणीत आहे.

मोजपट्टी, अंतर बरोबर ६०० आहे. तुमचा हिशेब वाचून ३ मिमीचा बेत सोडला. ४० × ४० × ५ चे चार अँगल मध्ये टाकून घेतो (वेल्डिंग जाणकाराकडून) आणि पत्रा ४ मिमी. पण मग वजन?

मोजपट्टी

अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७. म्हणजे १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा २.७ किलो. आठ बाय चारचा अख्खा पत्रा २.९८ चौरस मीटर, ४ मिमीला ३२ किलो, वर नक्षीचं थोडं. तुमचं १८ मिमी प्लायही कोरडं असताना तेवढंच असेल. चार अँगलचे साधारण १४-१५ किलो वाढतील, तेवढे क्षमतेतून वजा धरा. वजन वाचवण्यासाठी हा उद्योग करायचा नाही, न सडण्यासाठी करायचा. आणि चेकर्ड पत्र्याची जाडी नक्षी सोडून मोजतात, घेताना व्हर्नियर (जाडी मोजायचा कॅलिपर) नक्षीच्या मधल्या सपाट जागी लावा.

नवशिकी

धागा वाचनखुणेत ठेवला. माझ्याकडे बंदिस्त ट्रेलर आहे, तळाचं प्लाय चांगलं आहे पण वर ओरखडे पडू नयेत म्हणून १ मिमीचा साधा अ‍ॅल्युमिनियम पत्रा चिकटवायचा आहे. माझ्याकडे सर्क्युलर सॉ नाही आणि तिची भीतीही वाटते. हातसाधनांनी जमेल का?

कानस

ताई, १ मिमीला सॉ लागतच नाही, उलट सॉने पातळ पत्रा फडफडतो.

सरळ रेषेसाठी काचेसारखं करा. लोखंडी पट्टी क्लॅम्पने दाबून धरा आणि धारदार कटरने तिच्या कडेने चर पाडा. पहिला हात अगदी हलका, नुसती वाट आखायला. मग आठ-दहा वेळा त्याच चरातून, प्रत्येक वेळी थोडा जास्त दाब. चर साधारण निम्म्या जाडीपर्यंत गेला की रेष टेबलाच्या कडेवर आणा, वर फळी दाबा आणि बाहेरचा भाग खालीवर वाकवा. दोन-तीन वाकवण्यांत धातू तिथे कडक होऊन सरळ तुटतो. कड इतकी स्वच्छ येते की कात्रीला जमत नाही. फार मऊ जातीचा पत्रा असेल तर तुटायला जास्त वेळा वाकवावं लागतं, नेहमीच्या अर्धकडक पत्र्याला त्रास नाही.

खाचा आणि वळणांना पत्रा कापायची कात्री. लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. कात्री टोकापर्यंत मिटू नका, प्रत्येक वेळी पाव इंच उघडी ठेवूनच पुढे सरका. पूर्ण मिटली की टोकाशी पत्र्यावर आडवी दुमड पडते आणि ती दिसत राहते.

जिगसॉ असेल तर बारीक दात्यांचं धातूचं पातं, पेंड्युलम (पात्याची पुढेमागे झुलण्याची हालचाल) बंद, वेग मध्यम. पत्रा दोन पातळ प्लायच्या मध्ये सँडविचसारखा धरून तिन्ही एकत्र कापा, फडफड होत नाही. जिगसॉच्या तळव्याला कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर मध्ये अडकलेला एक कण अख्ख्या पत्र्यावर ओरखडा ओढत जातो.

आणि कड घासल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. कापलेल्या अ‍ॅल्युमिनियमची कड ब्लेडसारखी असते. कानशीला आधी खडू चोळा. खडूने दाते भरत नाहीत. भरलेच तर कानशीचा ब्रश दात्यांच्या दिशेने ओढा. शेवटी दोन्ही कडांवर ४५ अंशात एक हलका हात. बोट फिरवून नाही, कापसाचा बोळा फिरवून तपासा. जिथे धागा अडकला तिथे अजून बर (कडेचा बारीक धारदार काटा) आहे.

नवशिकी

कापसाची युक्ती फार आवडली. चर पाडून एका छोट्या तुकड्यावर करून बघते आधी.

गंजशत्रू

कापण्याचं सगळं झालं, बसवण्यावर लिहितो. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही हा समज ट्रेलरच्या बाबतीत धोक्याचा आहे. त्याला लोखंडासारखा तांबूस गंज येत नाही एवढंच. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल आली की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मिठाचा अंश असेल तर भराभर. पत्र्याखाली पांढरी पूड दिसायला लागते आणि मग बोल्टभोवती भोक मोठं होत जातं.

म्हणून दोन धातू थेट टेकू द्यायचे नाहीत. सांगाडा घासून प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या, रंग पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येक चॅनेलच्या आणि अँगलच्या वरच्या तोंडावर रबराची किंवा ब्युटाइलची पट्टी चिकटवा. कापूस, फेल्ट, गोणपाट असलं पाणी धरून ठेवणारं काही नको. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाली नायलॉनचा वायसर. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमचंही जमत नाही, पण छोटा स्टेनलेस बोल्ट आणि मोठा अ‍ॅल्युमिनियम पत्रा ही जोडी चालते, कारण झीज मोठ्या पृष्ठभागावर विखुरली जाते. उलटी जोडी, म्हणजे मोठ्या लोखंडात छोटा अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट, तो रिव्हेट खाल्ला जातो. तळासाठी मी बोल्टच सांगेन.

नवशिकी, तुमच्या प्लायवर: लाकूड टिकवण्यासाठी तांब्याची संयुगं पाजलेलं असेल (हिरवट छटा असते) तर त्यावर अ‍ॅल्युमिनियम थेट ठेवू नका. ओलाव्यात तांबं अ‍ॅल्युमिनियमला पोखरतं. मध्ये रंगाचा किंवा चिकटद्रव्याचा सलग थर हवा.

रानवाट, उष्णतेने वाढण्याची जागा सोडा. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे ०.०२३ मिमीच्या आसपास वाढतं, लोखंड जवळपास निम्मं. २.४ मीटरचा पत्रा थंड पहाटेपासून तापलेल्या दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला तर तो सव्वादोन मिमी लांबतो, खालचा सांगाडा फक्त सव्वा मिमीच्या आत. हा एक मिमीचा फरक कुठेतरी जायला हवा. मधल्या रांगेतली भोकं बोल्टच्या मापाची ठेवा, दोन्ही टोकांकडची मोठी किंवा लांबट करा, आणि चारही कडांना ३ मिमी फट. घट्ट ठोकून बसवलेला पत्रा उन्हात मध्ये फुगतो आणि प्रत्येक खड्ड्यावर वाजतो.

आणखी एक. ओलं सिमेंट, चुना, खत असलं काही वाहून आणलंत तर त्याच दिवशी धुवा. सिमेंटचं पाणी अ‍ॅल्युमिनियमला खातं.

छिन्नी

गंजशत्रू, फार मोलाचं लिहिलंत. भोकं पाडण्याआधी रानवाट यांनी खाली वाकून दिव्याची वायर कुठून गेली आहे तेही बघावं. बहुतेकदा ती चॅनेलच्या आतून असते आणि ड्रिलला ती वरून दिसत नाही.

मोजपट्टी

कापायच्या आधी एक कळकळीची सूचना, कारण माझा एक अख्खा पत्रा यात गेला आहे.

चेकर्ड पत्रा कापताना नक्षी खाली आणि सपाट बाजू वर ठेवणं सोयीचं, सॉचा तळवा खडखडत नाही आणि रेषही नीट आखता येते. मी तेच केलं. ट्रेलरमध्ये उभं राहून वरून मापं घेतली, कागदावर उतरवली, आणि कागदावरून जशीच्या तशी पत्र्याच्या मागच्या बाजूवर आखली. काप अप्रतिम आले. पत्रा उलटला, ट्रेलरवर नेला, आणि डाव्या मडगार्डची खाच उजवीकडे! माझी मडगार्डं दोन्हीकडे सारखी नव्हती, एक ३५ मिमी पुढे होतं. ते आरशातलं चित्र झालं होतं. दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं.

तेव्हापासून पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना केल्याशिवाय मी सॉ हातात घेत नाही. पुठ्ठा ट्रेलरमध्ये आडवा टाकायचा, कडा जुळेपर्यंत कातरायचा, आणि बसला की त्यावर जाड पेनाने "वर" आणि "पुढे" लिहायचं. पत्र्याच्या मागच्या बाजूवर ठेवताना "वर" हा शब्द पत्र्याकडे तोंड करून, म्हणजे तुम्हाला न दिसेल असा गेला पाहिजे.

आखायला बारीक मार्कर वापरा. अणकुचीदार सुईने ओरखडायचं ते फक्त जिथे कापणार त्या रेषेवर. जिथे पत्रा दुमडायचा आहे तिथे ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात. पेन्सिलही नको, ग्राफाइट पत्र्यावर राहिलं तर ओलाव्यात त्या रेषेवर झीज होते.

रानवाट

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

पत्रा ५०५२ जातीचा घेतला. ६०६१-टी६ जास्त मजबूत आहे असं कळलं, पण मला मागची कड खाली दुमडून घ्यायची होती आणि ६०६१-टी६ तीव्र वळणावर चिरतो. ती दुमड घरी केली नाही. माझा काप झाल्यावर पत्रा बेंडिंग मशीनवर नेला.

पुठ्ठ्याचा नमुना केला आणि मोजपट्टी, तुमचे उपकार मानतो: माझीही मडगार्डं सारखी नाहीत. १२ मिमीचा फरक निघाला. इतकी वर्षं ट्रेलर वापरतोय, कधी लक्षात आला नव्हता. "वर" लिहिलेली बाजू पत्र्याकडे ठेवून आखलं.

थर्माकोलचे चार ताव पसरले, पत्रा नक्षी खाली करून ठेवला. त्यावरची संरक्षक फिल्म काढली नाही, फिल्मवरच आखलं. आधी टाकाऊ पट्टीवर एक हातभर सरावाचा काप मेण न लावता घेतला, मुद्दाम, फरक बघायला. पात्याचा आवाज तीन-चार इंचांनंतर चिरका व्हायला लागला. थांबवून, प्लग काढून बघितलं तर दोन दात्यांच्या कडेला चांदीसारखा थर चढला होता आणि पत्र्याची कड बोटाला चटका देईल इतकी गरम. थर लाकडी चिपेने खरवडला, मेण चोळलं, पुन्हा कापलं. आवाज एकदम खाली आला, एकसारखा सूं, आणि कीस पिठासारखा न पडता नखाच्या कातरणासारख्या छोट्या चकाकत्या तुकड्यांत पडायला लागला. मेण बरोबर लागलंय की नाही हे आता मी डोळे मिटून आवाजावरून सांगू शकेन. लांबी कमी करायचा काप १२०० मिमीचा, मध्ये न थांबता घेतला. कड आरशासारखी नाही पण कानशीच्या दोन हातांत साफ झाली.

खाचांच्या कोपऱ्यांत १० मिमीची भोकं. सेंटर पंच मारूनही ३ मिमीच्या बिटने आधी वाट केली, मग ६, मग १०. खाली लाकूड होतं, तरी बिट आरपार जाताना झटका देतं. पत्रा क्लॅम्पने बांधलेला होता म्हणून हाताला काही झालं नाही. कुणी हाताने धरून पाडू नका.

बसवताना नायलॉन वायसर आणि ६ मिमीचे स्टेनलेस बोल्ट. मधल्या रांगेत ६.५ ची भोकं, टोकांकडे कानशीने लांबट केलेली. छिन्नी, वायर खरंच मागच्या चॅनेलच्या आतून, बरोबर तिसऱ्या भोकाच्या खाली होती. ती सोडवून चॅनेलच्या बाहेरच्या अंगाला क्लिपांनी लावली. वर तोंड केलेल्या त्या चॅनेलला तळाला ८ मिमीची तीन भोकं पाडली, म्हणजे चिखल साठला तरी पाणी निघून जाईल. भोकांच्या कडांना प्रायमर लावायला विसरलो नाही.

बिजागरीचा बोल्ट आता पत्र्यातून जातच नाही. तिथे पत्र्याला अर्धगोल खाच ठेवली आणि बोल्टला नवं सीलंट भरलं.

पत्रेकाम

वाचून फार समाधान वाटलं. टाकाऊ पट्टीवर बिनमेणाचा काप घेऊन बघितलात हे सगळ्यात चांगलं केलंत. कीस झाडून गोळा केलात ना? टायरमध्ये आणि चपलांच्या तळव्यात बसतो. आणि सॉच्या मोटारीच्या झरोक्यांतून ब्लोअरने हवा मारा, तोंड दुसरीकडे करून. तो कीस वीज वाहून नेतो, आत साठला तर मोटारीचं नुकसान होतं.

रानवाट

कीस चुंबकाने उचलायला गेलो, आणि मग लक्षात आलं की अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. ओल्या फडक्याने जमिनीवरून टिपला. सॉचं आज करतो.

एक प्रश्न राहिला. पट्टी उरली आहे, ४० मिमी रुंद. फाळक्याजवळ पत्र्याच्या कडेवर सामान ओढताना मार बसतो, तिथे वरून हीच पट्टी दुहेरी लावू का?

गंजशत्रू

वरून लावलीत तर दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरेल आणि तिथेच बसेल. लावायचीच तर खालच्या अंगाने लावा. खालून बसली तर नक्षी मध्ये येणार नाही, दोन्ही सपाट तोंडं एकमेकांना टेकतील. आधी तोंडं घासून, मध्ये सलग सीलंट भरून बोल्ट आवळा. सीलंट चारही बाजूंनी थोडं बाहेर आलं पाहिजे. ते पुसून काढू नका, कड गोल करून तसंच वाळू द्या.

आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा. रबराची पट्टी दबते, बोल्ट सैल पडतात.

रानवाट

खालूनच लावतो. बोल्ट रविवारी तपासून इथे कळवतो.

रानवाट

तपासले. बावीसपैकी पाच बोल्ट पाव फेरा फिरले, सगळे फाळक्याच्या बाजूचे. आवळले. जोरदार पावसात उभा ठेवला होता, चॅनेलच्या तिन्ही भोकांतून पाणी खाली ठिबकताना दिसलं आणि कोपऱ्यात बोट घातलं तर कोरडं होतं.